स्पितीची सहल आणि सोळा लाखांची गाडी

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र दिवाळी संपता संपता मिळाले. त्यात घरखर्चाचा हिशोब तुम्ही इतक्या प्रांजळपणे मांडला आहे की उत्तरही त्याच आकड्यांच्या आधाराने देणे योग्य होईल. इतर वाचकांसाठी पत्राचा मथितार्थ आधी सांगतो. तुम्ही चिंचवडला राहता आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करता. पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि मुलगी यंदा दहावीला आहे. तिची परीक्षा आटोपली की मे २०२६ मध्ये तिघांनी मोटारीने हिमाचलातल्या किन्नौर आणि स्पिती खोऱ्यातील गावांमधून हिंडून यावे, असे तुमच्या घरात दोन वर्षांपासून घाटते आहे. सध्याची लहान गाडी पाच वर्षांची झाली असून ती ‘त्या रस्त्यांवर टिकणार नाही’ असे तुमचे मत आहे, म्हणून सोळा लाखांची नवी एसयूव्ही घ्यायची, त्यासाठी म्युच्युअल फंडातून तीन लाख काढायचे, तेरा लाखांचे सात वर्षांचे वाहनकर्ज घ्यायचे आणि सहलीच्या खर्चासाठी अडीच लाखांचे वैयक्तिक कर्ज काढायचे, असा तुमचा बेत आहे. पत्नीचे म्हणणे असे की कर्ज नको, फारच झाले तर मुदत ठेव मोडू. कर्ज बरे की ठेव मोडणे बरे, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

सहलीला अवश्य जा, असे मी म्हणेन. मात्र तिच्यासाठी कर्जही काढू नका आणि ठेवही मोडू नका. तुमच्या पत्रात सहलीचा खर्च आणि गाडीचा खर्च एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की सहल महाग वाटते आणि गाडी गरजेची वाटते. प्रत्यक्षात दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

आधी तुमची आवक-जावक पाहू. तुमचे हातात येणारे वेतन ७८ हजार आणि पत्नीचे ५२ हजार, म्हणजे महिना १ लाख ३० हजार. गृहकर्जाचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ४८ हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा ठराविक गुंतवणूक) १५ हजार, विम्याचे हप्ते महिन्याच्या हिशोबाने ५ हजार आणि वडिलांची औषधे व तपासण्या ६ हजार, असे एकूण १ लाख ५ हजार होतात. म्हणजे कागदावर दरमहा २५ हजार शिल्लक राहायला हवेत. तुम्ही मात्र लिहिता की महिनाअखेर हाती काहीच उरत नाही. ही तफावत मला तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. ते २५ हजार कुठेतरी खर्च होत आहेत, फक्त त्यांना नाव नाही. त्यांना ‘स्पिती’ असे नाव दिले की त्यातले निदान २० हजार जागेवर राहतील, असा माझा अनुभव आहे, कारण निनावी शिल्लक घरात कुणीही उचलतो आणि नाव दिलेल्या शिलकीला हात लावताना माणूस दुसऱ्याला विचारतो.

आता याच शिलकीवर तुमच्या बेताचे ओझे ठेवून पाहा. तेरा लाखांचे कर्ज सव्वानऊ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,१०० रुपये येतो आणि सात वर्षांत जवळपास ४ लाख ७० हजार रुपये निव्वळ व्याजापोटी जातात. अडीच लाखांचे वैयक्तिक कर्ज तुम्हाला तेरा टक्क्यांनी मिळेल असे तुम्ही लिहिले आहे. तीन वर्षांच्या मुदतीला त्याचा हप्ता सुमारे ८,४०० रुपये होईल आणि व्याज ५३ हजारांच्या घरात जाईल. दोन्ही हप्ते मिळून साडेएकोणतीस हजार, आणि तुमची कागदावरची शिल्लक पंचवीस हजार. वरचे साडेचार हजार कुठून येणार याचे उत्तर पत्रात नाही, परंतु ते एसआयपीतून येणार हे तुम्हालाही ठाऊक असावे. ती एसआयपी मुलीच्या शिक्षणासाठी आहे आणि तिची बारावी २०२८ मध्ये होईल, म्हणजे हप्त्यांचा भार ऐन भरात असताना तिच्या महाविद्यालयाचे शुल्क दारात उभे राहील.

गाडीसाठी तुम्ही दोन कारणे दिली आहेत. पहिले असे की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलल्याने गाड्या स्वस्त झाल्या आहेत आणि ही संधी सोडू नये. स्वस्त झालेली वस्तू गरजेची असेल तरच ती बचत असते, नाहीतर तो खर्चच असतो, एवढे सांगून मी हे कारण बाजूला ठेवतो. दुसरे कारण रस्त्यांचे आहे आणि ते अधिक गंभीरपणे तपासले पाहिजे.

स्पितीला जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक शिमल्याहून नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको आणि टाबो असा सतलज व स्पिती नद्यांच्या काठाने स्पितीतल्या मुख्य गावाला, काझ्याला, पोहोचतो. दुसरा मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडून ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंड ओलांडून येतो. पत्रात तुम्ही एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडण्याचे ठरवले आहे. परंतु कुंझुम खिंड सुमारे पंधरा हजार फुटांवर आहे. तिच्यावरचा बर्फ उपसून रस्ता खुला होईपर्यंत बहुधा मे अखेर किंवा जून उजाडतो. ज्या खडकाळ, ओढ्यानाल्यांच्या पट्ट्यासाठी उंच बांध्याची गाडी खरोखर उपयोगी पडते तो पट्टा म्हणजे नेमका ग्राम्फू ते कुंझुम, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्हाला तो बंदच सापडण्याची शक्यता अधिक. राहिला शिमल्याहून येणारा किन्नौरकडचा रस्ता. तो अरुंद आहे, त्यावर दरडी कोसळतात, नाकोजवळच्या मलिंग नाल्यात चालकाची परीक्षा होते, हे सर्व खरे; पण रिकाँग पिओहून काझ्याला हिमाचल परिवहनची साधी बस त्याच रस्त्याने जाते, आणि त्या बसला फोर-व्हील ड्राइव्ह नसते.

कुणी सुचवेल की मग जूनमध्ये जा, खिंड उघडलेली सापडेल. त्यात तुमच्या घरापुरती अडचण अशी आहे की दहावीचा निकाल २०२४ मध्ये २७ मे रोजी आणि २०२५ मध्ये १३ मे रोजी लागला होता, आणि अकरावीची प्रवेशप्रक्रिया आता राज्यभर ऑनलाइन आणि केंद्रीभूत असल्याने निकालानंतर अर्ज, पसंतिक्रम आणि फेऱ्यांच्या तारखा पाळाव्या लागतात. लांग्झा किंवा कोमिक अशा गावात मोबाइलला रेंज शोधत फिरताना पसंतिक्रम भरण्याची वेळ कुणावर येऊ नये. जूनच्या मध्यानंतर पत्नीची शाळा सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये जाण्याचा विचार तर करूच नका. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ कोसळलेल्या दगडांनी पर्यटकांचे बळी घेतले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निगुलसरीजवळ बसवर दरड कोसळली, आणि जुलै २०२३ च्या पावसात चंद्रताल तलावाजवळ अडकलेल्या पर्यटकांना बर्फातून वाट काढून सोडवावे लागले. म्हणून ४ मे ते १९ मे हाच तुमचा योग्य काळ, आणि किन्नौरच्याच बाजूने जाऊन त्याच बाजूने परत येणे हाच तुमचा मार्ग. निकाल १३ मेच्या आसपास लागलाच तर तो काझ्यात पाहावा लागेल. तिथे मोबाइल चालतो, आणि तिथून घरी पोहोचेपर्यंत प्रक्रियेचे महत्त्वाचे टप्पे हातातून जाण्याची भीती कमी आहे.

आता स्वतःच्या गाडीने पुण्यापासून जाण्याचा मोह. तुमच्या जुन्या गाडीने गेलात असे धरू. पुणे ते शिमला एका बाजूने साधारण १,८०० किलोमीटर, शिमला ते काझा सव्वाचारशेच्या आसपास, शिवाय आतल्या गावांच्या फेऱ्या, असे जाऊन-येऊन ४,८०० किलोमीटर होतात. लिटरला सोळा किलोमीटर धरले तर ३०० लिटर पेट्रोल, म्हणजे ३० हजार रुपये. पथकरासाठी साधारण तीन हजारांचा फास्टॅगचा वार्षिक पास घेता येईल. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना चालतो, राज्याच्या रस्त्यांवरचा पथकर वेगळा भरावा लागतो, तरीही या प्रवासाला तो परवडतो. जाताना तीन आणि येताना तीन दिवस मैदानी रस्त्यावर जातील, त्या चार रात्रींचा मुक्काम आणि जेवणखाण मिळून १८ हजार धरा. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक आणि बॅटरीचे काम करून घेणे अपरिहार्य असल्याने त्यासाठी आणखी १८ हजार. एकूण ६९ हजार झाले, आणि यात गाडीची झीज धरलेली नाही. आणखी एक गोष्ट पैशात मोजता येत नाही, पण सांगितली पाहिजे: मेच्या पहिल्या आठवड्यात राजस्थान आणि हरियाणातून दिवसभर गाडी हाकायची, आणि तिथून थेट डोंगराच्या वळणांवर स्वतःच चालकाच्या जागी बसायचे, म्हणजे ज्याच्यासाठी सहल काढली त्या खोऱ्याकडे बघायला तुम्ही एकटेच मोकळे नसाल.

दुसरा पर्याय रेल्वेचा. झेलम एक्स्प्रेस पुण्याहून थेट अंबाल्याला जाते. एसी थ्री टियरने तिघांचे जाऊन-येऊन १३ ते १४ हजार रुपये होतील. अंबाल्याहून स्थानिक चालकासह बारा दिवसांसाठी गाडी ठरवली आणि दिवसाला पाच हजार धरले तर ६० हजार होतात. दोन्ही मिळून साधारण ७४ हजार, म्हणजे स्वतःच्या गाडीपेक्षा पाच हजारांनी अधिक. पण त्या पाच हजारांत तुम्हाला तीन दिवस वाचवून मिळतात, डोंगरात वाढलेला चालक मिळतो आणि गाडी बिघडली तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी दुसऱ्याची असते. सोळा लाखांच्या गाडीशी तर या आकड्याची तुलनाच करण्याचे कारण नाही.

गाडी ठरवताना एक काळजी अवश्य घ्या. ओळखीतून कुणीतरी आपली खासगी, पांढऱ्या पाटीची गाडी निम्म्या दराने देऊ करील. खासगी वापरासाठी विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालवली जात असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तसे झाल्यावर वाचलेल्या तीस हजारांची किंमत फार मोठी असते. पिवळ्या पाटीची, पर्यटक परवाना असलेली गाडीच घ्या, चालकाचा मुक्काम व जेवण दरात धरले आहे की नाही हे आधी लिहून घ्या, आणि दरडीमुळे अडकून पडावे लागले तर थांबलेल्या दिवसाचा दर काय, हेही त्याच वेळी ठरवा.

उरलेला खर्च मांडतो. बारा रात्रींपैकी नऊ रात्री चितकुल, कल्पा, नाको, टाबो, काझा आणि लांग्झा अशा गावांमधल्या घरगुती मुक्कामांत काढा. रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी धरून तिघांचे दिवसाला तीन हजार पुरतात, म्हणजे २७ हजार. अंबाला, नारकंडा आणि रामपूर इथल्या तीन रात्री हॉटेलमध्ये धरल्या तर साडेदहा हजार. दुपारचे जेवण आणि चहापाणी १० हजार. लोकरीचे कपडे, बूट आणि औषधे यांवर १२ हजार. मठांतली दक्षिणा, किरकोळ खरेदी आणि मुलीने हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून सगळ्या मैत्रिणींना पाठवायची पत्रे धरून ८ हजार. साडेचौदा हजार फुटांवरचे ते टपाल कार्यालय लहानसेच आहे, पण मुलीच्या वयाच्या माणसाला तिथून टाकलेले पत्र वीस वर्षे पुरते. या सर्वांची बेरीज, रेल्वे आणि गाडीसह, सुमारे १ लाख ४१ हजार होते. त्यावर २० हजार अडकून पडण्यासाठी वेगळे ठेवा, म्हणजे सहलीचे अंदाजपत्रक १ लाख ६१ हजारांवर येऊन थांबते. दर मी आजच्या चौकशीप्रमाणे धरले आहेत, मेपर्यंत ते थोडे वरखाली होतील.

त्या २० हजारांना चैन समजू नका. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी याच रस्त्याने परतत असताना दरड कोसळून दीड दिवस एका गावात थांबलो होतो. आदल्या दिवशी काझ्यातल्या एटीएममध्ये रोकड नव्हती आणि गावात रेंज नसल्याने मोबाइलवरून पैसे देणे शक्य नव्हते. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी पैसे नंतर पाठवा म्हटले, आणि आम्ही ते शिमल्याला पोहोचल्यावर पाठवलेही; पण लोकांना आयुष्यभर तातडीच्या निधीचे महत्त्व सांगणारा माणूस त्या दीड दिवसात थुक्पा (शेवयांचे तिबेटी सूप) खाताना खाली मान घालून बसला होता. रामपूर किंवा रिकाँग पिओतच ३० हजारांची रोकड काढून ती दोघांच्या पिशव्यांत विभागून ठेवा.

आता हे पैसे आणायचे कुठून? तुम्हाला दिवाळीचा बोनस ४० हजार मिळाला आहे आणि तो अजून बचत खात्यात आहे, असे तुम्ही लिहिले आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत दरमहा २० हजार बाजूला पडले तर १ लाख २० हजार जमतात. दोन्ही मिळून १ लाख ६० हजार. अंदाजपत्रकापेक्षा एक हजार कमी आहेत, ते मी मुद्दाम दुरुस्त करत बसलो नाही. वेतन जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी वीस हजार रुपये आपोआप आवर्ती ठेवीत वळते होतील अशी सूचना बँकेला द्या. सहा महिन्यांच्या मुदतीत व्याज किती मिळते याला फारसा अर्थ नाही, पैसे नजरेआड होतात याला आहे. महिनाअखेर खरोखरच ओढाताण झाली तर पंचवीस हजारांचे गळके छिद्र नेमके कुठे आहे हे तुम्हाला पहिल्याच दोन महिन्यांत दिसेल, आणि ते दिसणेही या सहलीची एक कमाई ठरेल.

मुदत ठेव मोडण्याविषयी. तुमच्याकडे सहा लाखांच्या ठेवी आहेत, त्यातल्या चार लाखांवर मुलीच्या शिक्षणाचे आणि दोन लाखांवर अडीअडचणीचे नाव आहे. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका साधारणतः अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात, त्यामुळे आर्थिक नुकसान फार होत नाही. निव्वळ आकड्यांत पाहिले तर तेरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा ठेव मोडणे केव्हाही स्वस्त, आणि या एका मुद्द्यावर तुमच्या पत्नीचे म्हणणे तुमच्यापेक्षा सरस आहे. पण ज्या ठेवीवर मुलीचे नाव घातले ती तिच्याबरोबरच्या सहलीसाठी मोडली तर पुढे तिच्यावरचे नाव कुणी पाळणार नाही. म्युच्युअल फंडातून पैसे काढण्याला कराची अडचण नाही, कारण वर्षभराहून अधिक काळ ठेवलेल्या समभाग फंडांतल्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि त्यावरच्या रकमेवरच साडेबारा टक्के दर लागतो. अडचण उद्दिष्टाची आहे, कारण फंडांतले तुमचे एकूण नऊ लाखही तुम्ही मुलीच्या शिक्षणासाठीच राखलेले आहेत.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘घर घ्यायला कर्ज चालते, तर आठवणी घ्यायला का चालू नये?’ वाक्य चांगले आहे, आणि मी सरसकट कर्जविरोधी माणूस नाही. घराच्या कर्जात हप्ता संपतो तेव्हा घर तुमच्याजवळ असते, आणि हप्ते भरत असतानाही तुम्ही त्यात राहत असता. सहल मेच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल आणि तिचा हप्ता २०२९ पर्यंत चालेल. त्यातल्या दुसऱ्या वर्षात दर महिन्याच्या पाच तारखेला तुम्हाला स्पितीची आठवण येईल, पण ती ज्या रूपात येईल ते तुम्हाला आवडणार नाही. आजाराला, शिक्षणाला किंवा नोकरीच्या खंडाला कर्ज काढावे लागले तर मी स्वतः तुमच्याबरोबर बँकेत येईन. पण जिची तारीख आजच माहीत आहे आणि जिला सहा महिने अवकाश आहे, अशा गोष्टीसाठी कर्ज कशाला?

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण माझ्या व्यवसायातले काटेकोर लोक तो घेतीलच. तुमचा अनिवार्य खर्च, म्हणजे हप्ता, घरखर्च, विमा आणि औषधे, महिना ९० हजार आहे आणि अडीअडचणीची ठेव दोन लाख, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांची. सहा महिन्यांचा निधी हवा या नियमाने पाहिले तर आधी तो पूर्ण करा आणि मग फिरायला जा, असे सांगायला हवे. मी तसे सांगत नाही. पत्नीची नोकरी स्थिर असल्याने तुमच्या घराला चार महिन्यांचा, म्हणजे ३ लाख ६० हजारांचा निधी पुरेसा आहे, असे माझे मत आहे; आणि मुलगी अकरावीला गेली की क्लास, प्रवेशपरीक्षा आणि नंतर बाहेरगावचे महाविद्यालय यांच्या रेट्यात तिघांची सोळा दिवसांची मोकळीक पुन्हा केव्हा मिळेल हे सांगता येत नाही. मात्र यासोबत एक अट घालतो. तुमच्या कारखान्यातला एक उत्पादन विभाग दुसरीकडे हलवण्याची चर्चा आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मार्चपर्यंत त्याचा निकाल तुमच्या विरोधात लागला तर ही जमलेली रक्कम सहलीची राहणार नाही, ती अडीअडचणीच्या निधीत जाईल. म्हणून परत न मिळणारी कोणतीही आगाऊ रक्कम मार्चपूर्वी कुणालाही देऊ नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यात स्पितीच्या गावांत गर्दी नसते आणि घरगुती मुक्काम फोनवर ठरतात. सहल पार पडली तर जूनपासून तेच वीस हजार तसेच चालू ठेवा, आठ महिन्यांत निधीतली १ लाख ६० हजारांची तूट भरून निघेल.

खर्च कमी करायचा झाला तर तो एका ठिकाणी मात्र करू नका: दिवसांत. सहल कंपन्यांचे स्वस्त बेत बहुधा दिवस कापून स्वस्त झालेले असतात आणि त्यात माणसे दोन दिवसांत बारा-तेरा हजार फुटांवर नेली जातात. किन्नौरच्या बाजूने हळूहळू चढत गेले की शरीर विरळ हवेला सरावते, आणि नारकंडा, चितकुल, कल्पा, नाको, टाबो या मुक्कामांचा तोच उपयोग आहे. टाबोला दुपारी पोहोचून सरळ काझ्याला निघालात तर एका रात्रीचे तीन हजार वाचतील, पण इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेल्या मठातली मातीची मंदिरे आणि भित्तिचित्रे घाईघाईत पाहून होतील, आणि डोके दुखू लागले तर पुढचा दिवस काझ्याच्या दवाखान्यात जाईल. निघण्याआधी आरोग्य विम्याची पॉलिसी काढून वाचा. रुग्णालयातील उपचारांचा खर्च ती देईल, परंतु दुर्गम भागातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च सर्वसाधारण पॉलिसीत सहसा नसतो, आणि डोंगरातल्या लहान दवाखान्यांत कॅशलेस सोय मिळेलच असे धरून चालू नये. त्या २० हजारांमागे हेही एक कारण आहे.

तुमची कंपनी प्रवास भत्ता देते आणि तुम्ही अजून जुन्या करप्रणालीत आहात, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांसाठी या भत्त्यावर करसवलत मिळते. २०२२ ते २०२५ हा गट डिसेंबरमध्ये संपतो आणि त्यातला न वापरलेला एक प्रवास २०२६ मध्ये वापरता येतो. सवलत फक्त प्रवासभाड्याला आहे, मुक्काम आणि जेवणाला नाही, त्यामुळे फार मोठी अपेक्षा ठेवू नका. पण रेल्वेची तिकिटे आणि गाडीचे बिल जपून ठेवा आणि किती रक्कम मान्य होईल हे वेतन विभागाला आधीच विचारा.

गाडीचा प्रश्न यानंतरही तुमच्या मनात राहील, हे मी जाणतो. तुमची सध्याची गाडी अजून तीन-चार वर्षे सहज चालेल. नवी गाडी घेतल्यावर विम्यातले तिचे घोषित मूल्य पहिल्या वर्षअखेरीस पंधरा टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्म्याने उतरते, तुमचे कर्ज मात्र सात वर्षे चालते. रस्ता कर आणि पहिल्या विम्याचे पैसे तर या मूल्यात धरलेच जात नाहीत. मुलीच्या पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे शुल्क बाजूला पडले, किमतीच्या चाळीस टक्के रक्कम रोख भरता आली आणि कर्ज चार वर्षांत फिटणारे असेल, तेव्हा मला पुन्हा लिहा. तेव्हा मी कुरकुर करणार नाही.

तुमचा प्रश्न नव्हता, तरीही एक सांगतो: २०२८ मध्ये लागणारे नऊ लाख आजही पूर्णपणे समभाग फंडांत आहेत. पुढच्या दीड वर्षात दर तिमाहीला थोडे थोडे काढून ते ठेवींत वळवायला सुरुवात करा. सहा महिन्यांत बाजार वर जाईल की खाली, यावर मुलीचे प्रवेशशुल्क अवलंबून राहू नये.

रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, म्हणजे ४ मेच्या झेलमसाठी ५ मार्चला सकाळी आठ वाजता. तोपर्यंत आवर्ती ठेवीचे चार हप्ते पडलेले असतील आणि कारखान्यातल्या बदलाचेही चित्र स्पष्ट झालेले असेल. मुलीची परीक्षा त्या दिवसांत चालू असेल, तेव्हा तिकिटे काढण्याचे काम पत्नीकडे सोपवा आणि तिला केंद्रावर पोहोचवायला तुम्ही जा.

आपला,
आर्थिक सल्लागार